जर्मन संस्थानांची चांदीची नाणी

पवित्र रोमन साम्राज्याच्या जर्मन मुलखात सोळाव्या-सतराव्या शतकांत ड्यूक, काउंट, बिशप, मठाधिपती आणि स्वतंत्र शहरे अशा अनेकांना नाणी पाडण्याचा हक्क होता. त्यांच्यासाठी 1566 मध्ये राइश्सटालरचे, म्हणजे साम्राज्याच्या मोठ्या चांदीच्या नाण्याचे, माप ठरले : कोलोनच्या एका मार्क (सुमारे 234 ग्रॅम) शुद्ध चांदीचे 9 टालर, म्हणजे प्रत्येकी सुमारे 26 ग्रॅम चांदी. ज्याची स्वतःची खाण नाही त्याने आपल्या परिमंडळाच्या (साम्राज्याच्या प्रादेशिक विभागाच्या) ठरावीक टांकसाळीतच नाणी पाडावीत, असे 1570 मध्ये श्पायरच्या राजसभेने बजावले. ते फारसे कुणी मनावर घेतले नाही.

खरी गोम खुर्द्यात होती. टालराला एक ठसा पुरे. तेवढ्याच चांदीची ग्रोशन किंवा क्रॉयझर ही लहान नाणी पाडायची तर चकत्या आणि मजुरी कितीतरी पट. कायद्याप्रमाणे चांदी घातली की टांकसाळीची पदरमोड व्हायची. त्यामुळे लहान नाण्यांत तांबे वाढत गेले आणि चांगले टालर वितळवून त्यांचीच हिणकस नाणी पाडणे हा धंदा झाला. केवळ सत्ताधीशांच्या लोभावर याचे खापर फोडणे अपुरे आहे.

तीस वर्षांच्या युद्धाच्या तोंडावर या प्रकाराने कळस गाठला. 1619 ते 1623 हा काळ ‘किपर-विपर’ म्हणून ओळखला जातो; चांगली जड नाणी तराजूत तोलून निवडून काढणाऱ्यांवरून हे नाव पडले. तांबेच जास्त असलेल्या चकत्या मीठ आणि टार्टर (वाइनच्या पिंपात साचणारा आंबट क्षार) यांच्या द्रावणात उकळत. पृष्ठभागावरचे तांबे निघून जाई आणि नाणे चांदीसारखे पांढरे दिसे. चार हातांतून फिरले की तांबूसपणा वर येई. दक्षिण जर्मनीत पूर्वी 90 क्रॉयझरच्या आसपास असलेला टालर 1622 मध्ये 600 पर्यंत चढला. पगार असल्या नाण्यांत घेणाऱ्यांचे हाल झाले. माग्देबुर्गमध्ये दंगल उसळली. हार्ट्‌झ डोंगरातल्या चांदीच्या खाणी हाताशी असूनही ब्रन्सविक-वोल्फेनब्युटेलच्या ड्यूक फ्रीडरिख उलरिखच्या राज्यात अशा टांकसाळी जागोजागी निघाल्या. आमेलुंग्सबोर्नचा मठही त्यातून सुटला नाही.

1623 मध्ये बहुतेक ठिकाणी जुना दर्जा परत आला, हिणकस नाणी बाद झाली. पण 1670 च्या दशकात झाइन-विटगेनश्टाइनसारख्या छोट्या काउंटींनी दोन-तृतीयांश टालरच्या नाण्यांत चांदी कमी घालून पुन्हा हात मारला. 1690 मध्ये लाइपझिगला ठरलेल्या नव्या मापाने हिशेबाचा टालर (प्रत्यक्ष नाणे नव्हे, मोजदादीचे एकक) एका मार्क चांदीला 9 ऐवजी 12 वर आणून घसरण कायद्यात बसवली.