एका चापाची नव्वद वर्षे: अमेरिकेतल्या ट्रिगर-खटल्यांची पार्श्वभूमी

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने रेअर ब्रीड ट्रिगर्स या कंपनीशी तडजोड केली. तिच्या ज्या सुट्या भागाला, म्हणजे बंदुकीत बसवायच्या वेगवान ट्रिगरला (चापाला), सरकार कालपर्यंत मशीनगन म्हणत होते, ते जप्त केलेले भाग मालकांना परत द्यायचे ठरले. बातमी चार ओळींत आटोपली, पण तिच्यामागचा वाद १९३४ पासून चालू आहे. बंदुकीचा विषय निघाला की अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा गजर होतो. इथे मात्र तिची फारशी गरजच पडली नाही. सगळे भांडण मशीनगन कशाला म्हणायचे, या कायद्यातल्या एका व्याख्येचे आहे.

दारूबंदीच्या काळात शिकागोसारख्या शहरांत टोळ्यांच्या हाती थॉम्पसन मशीनगन आल्या, त्याला उत्तर म्हणून रूझवेल्ट सरकारने नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट आणला. मूळ मसुद्यात मशीनगनची ओळख गोळ्यांच्या संख्येवर होती: पुन्हा न भरता बारा किंवा जास्त गोळ्या झाडणारे हत्यार. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समितीपुढे नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक साक्षीला आले. हे वकील, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाच्या नेमबाजीत तीन सुवर्णपदके मिळवलेले. त्यांचे म्हणणे असे की गोळ्या मोजण्यात अर्थ नाही, ट्रिगरकडे बघा. ट्रिगरच्या एका क्रियेत एकाहून जास्त गोळ्या सुटत असतील तर ती मशीनगन. हे शब्द कायद्यात गेले आणि आजही तिथेच आहेत. पुढे सरकारला कोर्टात ज्या शब्दांनी घाम फोडला, ते बंदूकवाल्यांच्याच संघटनेच्या अध्यक्षाने सुचवलेले होते!

आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने वेगळी वाट धरली. ट्रिगरवर दाब असेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतील असे हत्यार इथे प्रतिबंधित आहे. आपला कायदा दाब किती वेळ राहिला ते पाहतो, तर अमेरिकेचा कायदा क्रिया किती झाल्या ते मोजतो. तिथे दाबाची व्याख्या असती, तर पुढचे निम्मे खटले उभेच राहिले नसते असे मला वाटते.

१९३४ च्या कायद्याने बंदी घातली नव्हती. नोंदणी करा आणि २०० डॉलर कर भरा, एवढेच. तेव्हा एवढ्या पैशांत जवळजवळ नवी थॉम्पसन यायची. मशीनगनवरचा कर आजही तेवढाच आहे. १९६८ मध्ये साध्या बंदुकीची मशीनगन करणारे सुटे भागही व्याख्येत आले. खरा घाव १९८६ चा. त्या वर्षीच्या १९ मेनंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही. जुन्या नोंदलेल्या मोजक्याच उरल्या आणि त्यांचे भाव दहा-वीस हजार डॉलरच्या वर गेले. वेगाने गोळ्या झाडायची हौस मात्र कमी झाली नाही, तेव्हा कल्पक कारागिरांनी कायद्याचा मजकूर समोर ठेवूनच यंत्रे आखायला घेतली.

असे काही बनले की ते मशीनगन आहे की नाही हे आधी एटीएफ ठरवते. दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटके यांवर नजर ठेवणारी ही केंद्रीय यंत्रणा. तिने धरसोड किती करावी? २००४ मध्ये तिच्या एका पत्राने बुटाच्या नाडीला मशीनगन ठरवले, कारण नाडी विशिष्ट तऱ्हेने बांधली की अर्धस्वयंचलित (एका दाबाला एकच गोळी झाडणारी) रायफल झडत राहायची. २००७ मध्ये खुलासा आला की नुसती नाडी मशीनगन नव्हे. धक्क्याने मागे गेलेली रायफल पुढे ढकलणाऱ्या 'एकिन्स ॲक्सिलरेटर' या स्प्रिंगवाल्या दस्त्याला तिने आधी हिरवा कंदील दाखवला, २००६ मध्ये तो मागे घेतला. मग टेक्सासच्या स्लाइड फायर कंपनीने तशाच दस्त्यातली स्प्रिंग काढूनच टाकली. रायफल धक्क्याने मागे जायची, दुसऱ्या हाताने पुढे रेटली की चाप स्थिर बोटावर पुन्हा आदळायचा. या 'बम्प स्टॉक'ला २०१० मध्ये मंजुरीचे पत्र मिळाले. हातांची हालचाल मर्यादित असलेल्यांना मदत व्हावी हा त्याचा हेतू, अशी नोंद त्या पत्रात आहे.

१ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास वेगासमध्ये एका हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून संगीत महोत्सवाच्या गर्दीवर दहा-अकरा मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या गेल्या. मृतांचा आकडा अखेर ६० झाला. त्या रायफलींना बम्प स्टॉक होते. काँग्रेसमध्ये विधेयके आली आणि अडकली. शेवटी ट्रम्प सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये नियम काढून बम्प स्टॉकलाच मशीनगन ठरवले. मार्च २०१९ पासून ते मोडून टाकणे किंवा जमा करणे भाग झाले. ऑस्टिनच्या मायकल कारगिल या बंदूक दुकानदाराने आपले दोन जमा केले आणि सरकारवर खटला भरला.

त्याचा निकाल १४ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात लागला: 'गारलँड विरुद्ध कारगिल', सहा विरुद्ध तीन. बहुमताचे निकालपत्र न्या. क्लॅरेन्स थॉमस यांचे. त्यात ट्रिगरच्या आतल्या भागांच्या चक्क आकृत्या छापल्या आहेत, त्याही एका बंदूकसमर्थक संस्थेच्या निवेदनातून घेतलेल्या. बम्प स्टॉक असला तरी प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने दाबला जातो, म्हणून ती मशीनगन नाही, असा निष्कर्ष. न्या. सोनिया सोटोमायोर यांचा विरोध साध्या बुद्धीचा होता: माणूस एकदा बोट रोवतो आणि गोळ्यांचा वर्षाव होतो, मग क्रिया एकच की! न्या. अलिटो यांनी बहुमताबरोबर राहूनच बजावले की वेगास घडल्यावर काँग्रेस कायदा बदलू शकते. काँग्रेसने तो बदललेला नाही.

तडजोडीतल्या रेअर ब्रीडचा एफआरटी-१५ (फोर्स्ड रिसेट ट्रिगर, म्हणजे जबरदस्तीने पूर्वस्थितीला आणला जाणारा चाप) डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आला होता. नेहमीच्या एआर-१५ या अर्धस्वयंचलित रायफलीत गोळी सुटल्यावर आतला एक आकडा घोड्याला (ठोका देणाऱ्या हातोडीला) अडवून ठेवतो आणि बोट सैल केले तरच चाप पूर्वस्थितीला येतो. एफआरटीमध्ये ते काम बोटाकडे नाही. मागे येणारा बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) घोड्याला दाबतो आणि घोडा चापाला जबरदस्तीने पुढे ढकलतो. बोटाचा दाब कायम असेल तर पुढची गोळी लगेच सुटते. कंपनीचे म्हणणे, चाप दर गोळीला हलतो, म्हणजे क्रिया वेगळी. एटीएफच्या तपासनिसांनी चापाला प्लॅस्टिकची झिप टाय आवळून बंदूक झाडून पाहिली. बोट न हलता गोळ्या सुटत राहिल्या, यावर त्यांचा भर. कंपनी म्हणाली, झिप टाय ताणली जाते, तीच बोटासारखी चाप ओढते. लाखो डॉलरच्या धंद्याचे भवितव्य वायरी बांधायच्या पट्टीपाशी आले.

जुलै २०२१ मध्ये एटीएफने विक्री थांबवायला सांगितले. तोपर्यंत आणि त्यानंतरही विक्री चालूच होती. एकूण सुमारे एक लाख नग गेले असा अंदाज कोर्टात मांडला गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीश निना मॉरिसन यांनी कंपनीला मनाई केली. जुलै २०२४ मध्ये टेक्सासचे न्यायाधीश रीड ओ'कॉनर यांनी, कारगिलचा आधार घेऊन, हा ट्रिगर मशीनगन नाही असे ठरवले. एकच यंत्र, एकच केंद्रीय कायदा आणि दोन शहरांत दोन उत्तरे. सरकार बदलल्यावर अपील पुढे रेटण्याऐवजी मे २०२५ ची तडजोड झाली.

तिच्यातली एक अट मला सगळ्यांत बोलकी वाटते. कंपनीने पिस्तुलासाठी असा ट्रिगर काढायचा नाही, हे ठीक. पण तिने आपले पेटंट कसोशीने राबवायचे, हेही त्यात आहे. नक्कल करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांवर ही कंपनी आधीपासूनच खटले भरत होती. आता ट्रिगरचा प्रसार आवरण्याचे काम पेटंटच्या दाव्यांवर सोपवले गेले. कायदेमंडळ गप्प राहिले की अशी कामे कुणाच्याही गळ्यात पडतात.

महिनाभरात न्यू जर्सी, मेरीलँड, डेलावेअर यांच्यासह डझनाहून अधिक राज्ये हे ट्रिगर परत देण्याविरुद्ध कोर्टात गेली. काही राज्यांनी गोळीबाराचा वेग वाढवणाऱ्या उपकरणांवर स्वतःचे कायदे केले आहेत, आणि त्यांत अमुक क्रिया, तमुक क्रिया असा घोळ न घालता थेट वेगावरच बोट ठेवले आहे.