शेंबूड, अश्रू आणि बेडकाची कातडी

त्वचा म्हणजे भिंत, असं आपण शाळेत शिकलो. पण नाक, डोळे, घसा, आतडं यांचं ओलं अस्तर त्या भिंतीपेक्षा कितीतरी नाजूक असतं. दर श्वासाला, दर घासाला तिथे जंतू येतात आणि बहुतेक वेळा काहीच होत नाही. असं का, याचा एक ठोस धागा शेंबडात सापडला.

नोव्हेंबर १९२१. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी स्वतःच्या नाकातला शेंबूड जंतू वाढवायच्या बशीत ठेवला. बशीत पिवळ्या ठिपक्यांचं रान माजलं, पण शेंबडाजवळचे ठिपके मात्र विरघळून काचेसारखे पारदर्शक झाले. मग त्यांनी अश्रू तपासले. जिवाणूंनी दुधासारख्या गढूळ झालेल्या नळीत अश्रूचा एक थेंब टाकला, की पाहता पाहता पाणी नितळ होई. अश्रू पुरेसे मिळावेत म्हणून डोळ्यांत लिंबू पिळलं जाई, स्वतःच्याही आणि सहकाऱ्यांच्याही! लाळेत आणि अंड्याच्या पांढऱ्या भागातही हेच द्रव्य निघालं. १९२२ मध्ये ते ‘लायसोझाइम’ या नावाने प्रसिद्ध झालं. जिवाणूच्या पेशीभित्तिकेतले साखरेचे दुवे ते तोडतं.

घातक रोगजंतूंवर मात्र ते फारसं चालेना, म्हणून अनेकांनी तिकडे पाठ फिरवली. मला ही घाई वाटते. जे जंतू अश्रूंना पुरून उरतात, तेच आपल्याला रोगजंतू म्हणून ठाऊक होतात. बाकीचे डोळ्यातच विरघळतात आणि त्यांची नावंही आपल्या कानी पडत नाहीत.

१९६० च्या दशकात थॉमस टोमासी यांनी लाळेत आणि बाळंतिणीच्या चिकाच्या दुधात खास अस्तरांसाठी घडलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) दाखवली.

पुढचा धागा बेडकाकडून आला. अमेरिकेत मायकेल झासलॉफ संशोधनासाठी आफ्रिकी बेडकांचं पोट उघडून अंडाशय काढत, टाके घालत आणि त्यांना परत टाकीच्या अस्वच्छ पाण्यात सोडत. जखमा न चिघळता भरून येत. १९८७ मध्ये त्यांनी त्या कातडीतून जंतुनाशक रेणू वेगळे काढले आणि ढाल या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून त्यांना ‘मॅगेनिन’ म्हटलं.

माणसाच्या कातडीचं काय? सोरायसिसमध्ये त्वचा लाल होते, सोलते, तरी तिला संसर्ग क्वचितच होतो. १९९७ मध्ये जर्मनीतल्या कील इथल्या संशोधकांनी रुग्णांच्या झडलेल्या खपल्या गोळा केल्या, आणि त्या खपल्यांतच त्यांना जिवाणू मारणारं एक प्रथिन सापडलं.