जाहिरातीतला टॉवर आणि आपला अंगठा

गेल्या रविवारी पेपरात पानभर जाहिरात होती. निळाशार समुद्र, लांबच लांब किनारा आणि कोपऱ्यात एक नाजूकसा टॉवर. मजले चाळीस, पण दिसायला काडेपेटीएवढा. एवढ्याशा इमारतीने कुणाचं काय बिघडणार, असंच कुणालाही वाटेल.

आता हात पूर्ण लांब करून अंगठा डोळ्यासमोर आडवा धरा. त्याची जाडी साधारण दोन अंशांचा कोन झाकते. वांद्रे-वरळी सी-लिंकचा मोठा मनोरा सुमारे १२६ मीटर उंच आहे. दोन किलोमीटरवरून त्याचा कोन भरतो साडेतीन अंशांहून थोडा जास्त, म्हणजे जवळजवळ दोन अंगठे. डोळ्याला मीटर कळत नाहीत, हा कोन कळतो.

कॅमेऱ्याची गंमत इथे सुरू होते. फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या सेन्सरची, म्हणजे चित्र टिपणाऱ्या पट्टीची, रुंदी ३६ मिलिमीटर. तो फोटो दहापट मोठा करून ३६ सेंटिमीटर रुंद छापला, तर मूळ कोन जसाच्या तसा दिसायला डोळाही लेन्सच्या नाभीय अंतराच्या (फोकल लेंथ, लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा) दहापट लांब हवा. ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर ५० सेंटिमीटरवर, २४ची वाइड-अँगल असेल तर फक्त २४ सेंटिमीटरवर. आपला मनोरा पहिल्या छपाईत सव्वातीन सेंटिमीटरला थोडा कमी भरेल, दुसऱ्या छपाईत जेमतेम दीड. पेपर नाकाशी धरून कोण वाचतं? दोन्ही फोटो हातभर अंतरावरूनच पाहिले जातात आणि वाइड-अँगलमधला टॉवर निम्मा होऊन बसतो. फोटोत कसलीही खाडाखोड न करता! म्हणूनच ब्रिटनमधली लँडस्केप इन्स्टिट्यूट ही भूदृश्य-रचनाकारांची संस्था, नवं बांधकाम कसं दिसेल हे दाखवणाऱ्या चित्रांसाठी शक्यतो ५० मिलिमीटरची लेन्स वापरायला सांगते.

  

नव्या बांधकामाने दृश्य किती बिघडेल याचं मूल्यमापन करणारे दोन गोष्टी वेगळ्या मोजतात: किनाऱ्याचं रूप किती बदललं आणि पाहणाऱ्याच्या दृश्यात किती फरक पडला. तोच टॉवर गाडीतून जाणाऱ्याला अर्धा मिनिट दिसतो, तर वरळी कोळीवाड्यातल्या माणसाला जन्मभर. समुद्रकिनारी वेळही पाहावी लागते. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. भरतीच्या फोटोत बुटकी दिसणारी भराव-भिंत ओहोटीला खडक आणि चिखल उघडे पाडून मजलाभर वर येते. जाहिरातीत कायम भरतीच असते, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

लिव्हरपूलचा बंदर परिसर २००४ साली जागतिक वारसा यादीत गेला. पाणकाठच्या नव्या बांधकामांपायी २०२१ साली युनेस्कोने तो यादीतून काढला. मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती २०१८पासून त्याच यादीत आहेत. आपल्याकडेही दृश्याचा हा प्रश्न कागदावर आहेच. २००६च्या पर्यावरण अधिसूचनेतला फॉर्म १-ए बांधकाम प्रकल्पांना विचारतो, की तुमच्या बांधकामाने एखादं दृश्य अडणार आहे का. त्या रकान्यात 'नाही' लिहिणाऱ्याने आधी कुठे उभं राहून पाहिलं, हे मला वाचायला आवडेल.

मी तो पेपर घेऊन मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसलो, एक डोळा मिटला आणि जाहिरात वीतभर अंतरावर आणली. टॉवर खरंच वाढला. शेजारी शेंगदाणे खात बसलेले आजोबा काळजीने म्हणाले, "चष्मा घरी विसरलात का?"