क्लचचा वापर

क्लचचा वापर : मॅन्युअल गिअरच्या मोटारीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तोडण्यासाठी व पुन्हा जोडण्यासाठी डाव्या पायाने पेडल चालवण्याची क्रिया. स्टिअरिंग उजवीकडे असो वा डावीकडे, पेडलांचा क्रम बदलत नाही : डावीकडून क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. पेडल दाबले की जोड सुटतो, सोडले की जुळतो. नवशिक्याचा पहिला गोंधळ इथेच होतो, कारण बाकीची दोन पेडले दाबल्यावर कामाला लागतात आणि हे सोडताना.

क्लचची गरज इंजिनाच्या एका उणिवेतून निर्माण झाली. पेट्रोल किंवा डिझेल इंजिन थांबलेल्या अवस्थेतून ताकद देऊ शकत नाही. त्याला स्वतःला जिवंत राहायलाच मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे लागतात. उभ्या गाडीची चाके मात्र शून्यावर असतात. फिरणारे इंजिन आणि थांबलेली चाके एकदम जोडली, तर गाडी हिसका देते आणि इंजिन बंद पडते. म्हणून दोघांचे वेग जुळेपर्यंत मध्ये काहीतरी घसरत राहावे लागते. ते घसरणे म्हणजेच क्लचचे काम, आणि त्याची झीजही तिथेच होते.

इंजिनाला जोडलेल्या फ्लायव्हील नावाच्या जड चाकावर एक पातळ चकती टेकलेली असते, ही क्लचप्लेट. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचे अस्तर असते आणि ती गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसवलेली असते. मागून प्रेशर प्लेट बशीच्या आकाराच्या डायफ्रॅम स्प्रिंगच्या जोरावर तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल दाबले की केबल किंवा हायड्रॉलिक तेल रिलीज बेअरिंगला पुढे ढकलते, बेअरिंग स्प्रिंगची बोटे दाबते आणि क्लचप्लेट मोकळी होते. म्हणजे पायाने आपण क्लच लावत नसतो, लागलेला क्लच सोडवत असतो. सुरुवातीच्या मोटारींत चामडे चढवलेला शंकूच्या आकाराचा क्लच असे. चामडे कोरडे पडले की तो एकदम पकडायचा, म्हणून त्याला तेल पाजून मऊ ठेवावे लागे. गाडीच्या पुढच्या भागात इंजिन, मग क्लच, मग गिअरबॉक्स आणि मागची चाके चालती, ही मांडणी १८९१ च्या सुमारास पानार ए लव्हासॉर या फ्रेंच कंपनीने रूढ केली.

पेडलाच्या प्रवासाचे तीन टप्पे पडतात. तळाशी जोड पूर्ण सुटलेला, वर पूर्ण लागलेला, आणि मध्ये बोटभर जागा अशी की जिथे प्लेट घासत घासत पकडते. या मधल्या जागेला बाइटिंग पॉइंट किंवा बोलीभाषेत हाफ क्लच म्हणतात. क्लच वापरण्याचे सगळे कसब या बोटभर जागेत आहे.

गाडी जागची हलवताना ती जागा डोळ्यांनी दिसत नाही, पण कळते. पहिला गिअर टाकून पेडल हळूहळू वर येऊ दिले की इंजिनाचा आवाज थोडा जड होतो, टॅकोमीटरचा म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा जरा खाली येतो, आरसा थरथरतो आणि गाडी जागच्या जागी ताणल्यासारखी होते. बहुतेक नवशिके इथपर्यंत बरोबर येतात. मग गाडी हलली या आनंदात पाय झटकन काढतात आणि गाडी बंद पडते. करायचे ते उलट : गाडी हलताच पाय तिथेच एक-दोन सेकंद रोखायचा, ॲक्सिलरेटर किंचित द्यायचा, चाकांना इंजिनाचा वेग गाठू द्यायचा आणि मगच उरलेले पेडल सोडायचे. सपाट मोकळ्या जागेवर ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावता नुसत्या क्लचवर गाडी हलवण्याचा सराव यासाठी उत्तम. पाऊण तासात पायाला जे कळते ते महिनाभर समजावून सांगितले तरी कळत नाही. बसण्याची जागाही आधी नीट हवी : पेडल तळापर्यंत दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट मागे असेल तर पेडल अर्धवट दाबले जाते आणि दोष गिअरला दिला जातो.

पहिल्याच गिअरमध्ये निघायचे, याला साधे गणित आहे. सपाट रस्त्यावर गाडी निघताना क्लचमध्ये तयार होणारी उष्णता ढोबळमानाने गाडीने त्या वेळेत मिळवलेल्या गतिज ऊर्जेइतकी असते. इंजिनाचे फेरे तेवढेच ठेवले, तर दुसऱ्या गिअरमध्ये जोड पूर्ण लागेपर्यंत गाडीला जवळजवळ दुप्पट वेग गाठावा लागतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे उष्णता तिप्पट-चौपट होते. भरपूर ॲक्सिलरेटर देऊन क्लच सावकाश सोडणाऱ्याचेही तेच होते, फक्त त्याला ते कौशल्य वाटते.

चालत्या गाडीत गिअर बदलताना ही मधली जागा लवकर ओलांडता येते, कारण दोन्हीकडचे वेग आधीच जवळ आलेले असतात. ॲक्सिलरेटर सोडणे आणि क्लच तळापर्यंत दाबणे एकाच वेळी, मग गिअर, मग न धक्का देता पण न रेंगाळता पेडल वर. खालच्या गिअरमध्ये येताना इंजिनाला जास्त फेऱ्यांची गरज असते. क्लच सोडण्यापूर्वी ॲक्सिलरेटरला हलका स्पर्श केला तर गाडी मान हलवत नाही. गिअरबॉक्सच्या आतले वेग जुळवण्याचे काम आता सिंक्रोमेश ही यंत्रणा करते. ते कॅडिलॅकने १९२८ मध्ये मोटारीत आणले. त्यापूर्वी चालकाला क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर असा दुहेरी खेळ करावा लागे. रिव्हर्सला पुष्कळ गाड्यांत आजही सिंक्रोमेश नसते. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबल्यावर क्षणभर थांबून रिव्हर्स टाकला तर दातांची करकर ऐकू येत नाही.

थांबताना आधी ब्रेक. वेग बराच उतरला आणि इंजिन आयडलिंगच्या, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता ते ज्या फेऱ्यांवर चालू राहते त्यांच्या, जवळ येऊन कुरकुरण्याच्या बेतात आले की क्लच. आधीच क्लच दाबला तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन चाकांना जे रोखून धरते तो इंजिनाचा ब्रेक हातचा जातो, आणि लांब उतारावर सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. न्यूट्रलमध्ये उतार उतरल्याने इंधन वाचते ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. इंधन इंजेक्शनच्या गाडीत गिअर लागलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर बहुधा इंधन पूर्ण बंद करतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते द्यावेच लागते. अचानक जीव तोडून थांबायची वेळ आली तर हा क्रम पाळत बसू नये, दोन्ही पेडले एकदम दाबावीत.

क्लचचे खरे हाल होतात ते चढावर. पुढची गाडी सरकेपर्यंत ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारे चालक पुष्कळ आहेत, आणि पाहणाऱ्याला ते सफाईचेच वाटते. आत प्लेट एका जागी थांबलेली असते, फ्लायव्हील तिच्यावर अखंड घासत असते आणि थोड्याच वेळात जळका वास येतो. चढावर गाडी हँडब्रेकने धरावी, बाइटिंग पॉइंट येऊन गाडी पुढे ओढू लागली की हँडब्रेक सोडावा. सिग्नलला न्यूट्रल करून पाय काढावा. क्लच पूर्ण दाबून बसल्याने प्लेट झिजत नाही, पण रिलीज बेअरिंग तेवढा वेळ दाबाखाली फिरत राहते. चालत्या गाडीत पाय पेडलवर नुसता टेकवून ठेवणे हे त्याहून वाईट. चालकाला वाटते पायाला वजनच नाही, पण स्प्रिंगची पकड तेवढ्यानेही सैल होऊ शकते. डावीकडे पाय ठेवायची जागा गाडीत असते ती त्यासाठीच.

झीज वाढली की बाइटिंग पॉइंट वर वर सरकतो आणि पेडल बहुधा जड लागते. पुढे चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचे फेरे वाढतात, वेग वाढत नाही. याला क्लच स्लिप होणे म्हणतात. गाडी निघताना थरथरत असेल तर अस्तरावर तेल आले असेल किंवा फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तापून खराब झाला असेल. क्लच दाबताच गुरगुर येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. प्लेट बदलण्यासाठी सहसा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्रच बदलतात.

क्लचचे पेडल नसलेल्या एएमटी (गिअर आपोआप बदलणाऱ्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या) गाड्यांतही आत हाच क्लच असतो, फक्त पायाऐवजी तो ॲक्चुएटर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर हलणारे यंत्र, चालवतो. ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये असे दोन असतात. अशा गाडीत चढावर ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरली, तर संगणकही तोच हाफ क्लच धरून बसतो. पुष्कळ गाड्यांत मग क्लच तापल्याची सूचना डॅशबोर्डवर येते.