उष्णतेचा यांत्रिक तुल्यांक

खर्ची पडलेले यांत्रिक कार्य आणि त्यातून निर्माण झालेली उष्णता यांच्या गुणोत्तरास उष्णतेचा यांत्रिक तुल्यांक म्हणतात. एक ग्रॅम पाणी १४.५° पासून १५.५° से.पर्यंत तापविणारी उष्णता म्हणजे एक कॅलरी मानल्यास त्याचे मूल्य सु. ४.१८६ जूल प्रति कॅलरी येते. शालेय उदाहरणांत ४.१८ किंवा ४.२ घेतात.

कार्यातून उष्णता निर्माण होते या कल्पनेचा उगम अमेरिकेत जन्मलेले शास्त्रज्ञ रम्फर्ड यांच्यापर्यंत मागे नेण्याचा प्रघात आहे. म्यूनिकच्या शस्त्रशाळेत घोड्यांच्या बळावर तोफेचे ओतीव काम कोरताना भोवतालचे पाणी सु. अडीच तासांत उकळू लागले, हे त्यांनी १७९८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी तुल्यांक मात्र काढला नाही. त्यांच्या आकड्यांवरून तो पुढे इंग्रज भौतिकीविज्ञ जेम्स जूल यांनी काढून दाखविला.

पहिला छापील आकडा जर्मन डॉक्टर यूलिउस रोबेर्ट मायर यांचा. जहाजावर डॉक्टर असताना १८४० मध्ये जावा येथे खलाशांचे नीलेतील रक्त त्यांना नेहमीपेक्षा लालभडक दिसले. उष्ण हवेत शरीराला इंधन कमी जाळावे लागते, या तर्कातून ते उष्णता व कार्य यांच्या नात्याकडे वळले. १८४२ च्या निबंधात त्यांनी सु. ३६५ मी. हे मूल्य दिले. म्हणजे एखादे वजन तेवढ्या उंचीवरून पडले तर तितक्याच वजनाचे पाणी एक अंश से.ने तापते. वायूंच्या दोन विशिष्ट उष्मांतील (एकक वस्तुमान एक अंशाने तापविण्यास स्थिर दाबाखाली व स्थिर घनफळात लागणाऱ्या उष्णतांतील) फरकावरून ते काढल्याचा तपशील त्यांनी १८४५ मध्ये दिला. डेन्मार्कचे कोल्डिंग यांनी १८४३ मध्ये स्वतंत्रपणे हाच विचार मांडला. फ्रेंच अभियंते सादी कार्नो (मृत्यू १८३२) यांच्या टिपणांतही जवळपासचा आकडा आढळतो, पण ती १८७८ पर्यंत अप्रकाशित होती.

श्रेयाचा वाद १८६० नंतर पेटला. भौतिकीविज्ञ टिंडल यांनी मायर यांची, तर स्कॉटिश भौतिकीविज्ञ टेट यांनी जूल यांची बाजू घेतली. रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक १८७० मध्ये जूल यांना व १८७१ मध्ये मायर यांना दिले. मायर यांची पद्धत एका गृहीतकावर उभी होती: वायू दाबताना लागलेले सर्व कार्य उष्णतेतच जाते. ते बव्हंशी खरे ठरले, तरी त्यांनी स्वतः ते मोजून पाहिले नव्हते. म्हणून कल्पनेचा मान मायर यांना आणि तिच्या सिद्धतेचा जूल यांना देणे अधिक न्याय्य वाटते.

मद्यनिर्मात्याच्या घरात वाढलेल्या जूल यांचा १८५० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग असा : तांब्याच्या भांड्यात पाणी, त्यात पितळी वल्ह्यांचे चक्र, ते फिरविणारी दोन पडती वजने. वजने पुन्हा वर गुंडाळताना पाणी ढवळले जाऊ नये म्हणून चक्र तेवढ्यापुरते सोडवीत. वजने वीस वेळा पडू दिल्यावर तापमान जेमतेम अर्ध्या अंश फॅरनहाइटच्या थोडे वर चढे. एवढ्या सूक्ष्म वाढीत निरीक्षकाच्या अंगाची ऊबही घात करील, म्हणून जूल यांनी मध्ये मोठा लाकडी पडदा उभा केला होता. हाती आलेले ७७२ फूट-पौंड (एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापविण्यास लागणारे कार्य) हे मूल्य मेट्रिक मापात सु. ४.१५ जूल प्रति कॅलरी होते, म्हणजे आजच्या मूल्यापासून एक टक्क्याच्या आत. १८७८ मधील ७७२.५५ हा त्यांचा आकडा त्यांच्या थडग्यावर कोरलेला आहे.

अमेरिकन भौतिकीविज्ञ रोलंड यांनी बॉल्टिमोर येथे १८७९ मध्ये दाखविले की पाण्याचा विशिष्ट उष्मा तापमानानुसार बदलतो. त्यामुळे कोणती कॅलरी हे सांगितल्याशिवाय तुल्यांकाला नेमका अर्थ राहत नाही. १९४८ मध्ये उष्णतेसाठीही जूल हेच एकक स्वीकारले गेले आणि तुल्यांक केवळ एककांतर करणारा गुणक उरला.

शाळेत हा भाग दोन उदाहरणांनी पक्का होतो. पहिले धबधब्याचे. १०० मी. वरून पडणारे पाणी, सर्व ऊर्जा उष्णतेत गेली असे धरल्यास, सु. ०.२३° से.ने तापते, उत्तर २३° आले तर दशांशचिन्ह तपासावे. दुसरे शिशाच्या छऱ्यांचे. पुठ्ठ्याच्या एक मीटर नळीत छरे भरून नळी शंभर वेळा उलटली, तर हिशेबाने सु. ७.५° वाढ यावी. येथे वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटते, म्हणून छरे तोलण्याची गरजच नसते. प्रत्यक्षात वाढ थोडी कमी भरते, कारण काही उष्णता नळीत व बुचात जाते. शिवाय छरे पूर्ण मीटरभर न पडता त्यांच्या थराच्या जाडीइतके कमी पडतात. ही जाडी नळीच्या लांबीतून वजा करणे विद्यार्थी बहुधा विसरतात.