बर्म्युडा बोलचं यजमानपद आणि झोन ४ चा घोळ : थोडी पार्श्वभूमी

चेन्नईला २०१५ साली बर्म्युडा बोल, म्हणजे ब्रिज या पत्त्यांच्या खेळाची देशादेशांच्या टीमची जागतिक स्पर्धा झाली, भारतात पहिल्यांदा, हे ब्रिज खेळणाऱ्या बहुतेकांना माहीत असतं. त्यातली गोम मात्र कोणी फारसं बोलत नाही. ब्रिजच्या जागतिक संघटनेने जगाचे आठ झोन पाडलेत, आपला झोन नंबर ४, आणि या आठांत ही स्पर्धा सगळ्यात शेवटी आपल्या झोनमध्ये आली. १९५० पासून चालू असलेली स्पर्धा, मधे पासष्ट वर्षं गेली, तोवर बाकीचे सातही झोन यजमान होऊन गेलेले, अगदी कॅरिबियन आणि आफ्रिकासुद्धा. चौथ्या हाताला बसणं पत्त्यांत फायद्याचं असतं, यजमानपदाच्या रांगेत त्याचा काही उपयोग नाही.

सुरुवातीचा इतिहास पटकन उरकतो. १९५० ला बर्म्युडात तीन टीम जमल्या, अमेरिका, ब्रिटन आणि स्वीडन-आइसलंडची मिळून एक, अमेरिका जिंकली. नाव पडलं ते तिथूनच. नंतर जवळजवळ दहा वर्षं हा अमेरिका आणि युरोप यांच्यातला घरगुती मामला होता, एकदा तुमच्याकडे एकदा आमच्याकडे. १९५१ नेपल्स, ५३ न्यूयॉर्क, ५४ माँटे कार्लो, ५५ परत न्यूयॉर्क, ५६ पॅरिस, ५७ परत न्यूयॉर्क, ५८ कोमो, ५९ ला कुठे, तर न्यूयॉर्क. यजमान निवडायचा असा प्रश्नच नव्हता, पाळी कोणाची एवढंच बघायचं. १९५८ ला जागतिक संघटना स्थापन झाली, त्याच वर्षी दक्षिण अमेरिकेची टीम आली आणि मग १९६१ आणि १९६५ ला ब्युनोस आयर्स. त्या ६५ च्या स्पर्धेत ब्रिटनच्या एका जोडीवर पत्ते धरताना बोटांनी खुणा केल्याचा आरोप झाला, ते प्रकरण इतकं गाजलं की स्पर्धा कुठे झाली होती हे लोक विसरले. यजमानांचं नशीब असं असतं कधीकधी.

खरा बदल १९७१ ला झाला. त्याआधी १९६९ ला रिओमध्ये आणि १९७० ला स्टॉकहोममध्ये, लागोपाठ दोन वर्षं तैवानची टीम फायनलला पोचली होती. दोन्ही वेळा हरली, पण ७१ ची स्पर्धा तैपेईला गेली, आशियात पहिल्यांदा. आता या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असं कुठल्या कागदावर लिहिलेलं नसेल, पण टेबलावर दिसलात की नकाशावरही दिसता असं मला तरी वाटतं.

वाटतं म्हणजे आपल्या झोनकडे बघेपर्यंत वाटतं. १९८१ ला न्यूयॉर्कजवळ पोर्ट चेस्टरला पाकिस्तानची टीम थेट फायनलला गेली, कोणी स्वप्नातही बघितलं नव्हतं. १९८६ ला मायामी बीचच्या दुसऱ्या एका जागतिक स्पर्धेत (रोझेनब्लम कप) परत फायनल. १९८८ च्या व्हेनिसच्या ब्रिज ऑलिम्पियाडमध्ये भारत सेमीफायनलला. सात वर्षांत एवढं सगळं, आणि बर्म्युडा बोल गेली कुठे? १९८७ ला जमैकात ओचो रिओस, ८९ ला ऑस्ट्रेलियात पर्थ, ९१ ला योकोहामा, ९३ ला चिलीत सांतियागो, ९५ ला बीजिंग, ९७ ला ट्युनिशियात हम्मामेत. जमैकाची किंवा ट्युनिशियाची टीम काही फायनल खेळत नव्हती. अर्थात मागितल्याशिवाय कोणी देत नाही, यजमानपदासाठी देशाच्या संघटनेने पुढे यावं लागतं, हॉटेलं ठरवावी लागतात, पैसे दाखवावे लागतात, त्यामुळे सगळा दोष देणाऱ्यांवर टाकता येत नाही. पण तरी.

आता झोनच्या भानगडीकडे येतो, कारण यावरून दर वेळी वाद होतो आणि दर वेळी अर्धे लोक वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत असतात. चेन्नईला मिळालं तेव्हाही "आशियाला सारखंसारखं का" असं म्हणणारे होतेच. मोजायला बसलं तर त्यांचं खरं वाटतं: तैपेई १९७१, मनिला १९७७, योकोहामा १९९१, बीजिंग १९९५, शांघाय २००७, बाली २०१३. सहा वेळा. पण या सहापैकी एकही आपल्या झोनमध्ये नाही. संघटनेच्या कागदावर "आशिया" असा एक तुकडाच नाही. चीन, जपान, इंडोनेशिया, फिलिपिन्स, तैवान हे सगळे झोन ६ मध्ये, त्याला आशिया पॅसिफिक म्हणतात. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि त्यांच्याबरोबर जॉर्डन, अमिराती वगैरे हे झोन ४, म्हणजे आशिया आणि मध्यपूर्व. आता मध्यपूर्व म्हटल्यावर इस्रायल यात असेल असं वाटतं ना? नाही, इस्रायल युरोपात, झोन १. आणि बर्म्युडा, जिच्या नावाने हे सगळं चाललंय, ती कॅरिबियनमध्ये नाही, अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोबरोबर झोन २ मध्ये बसते. शाळेतला भूगोल घेऊन इथे गेलात तर पहिल्याच पानावर नापास.

हे नुसतं नावापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण स्पर्धेत कोणाच्या किती टीम घ्यायच्या हे झोनवर ठरतं, युरोपला भरपूर, आपल्याला मोजक्या, आणि यजमानपद फिरवायचं म्हटलं की तेही झोनच्या हिशोबातच बोललं जातं. त्यामुळे बीजिंगला झालं म्हणजे आशियाला मिळालं आणि आशियाला मिळालं म्हणजे तुम्हालाही मिळालं, हा जो युक्तिवाद आहे तो म्हणजे शेजारच्या वाड्यात लग्न झालं म्हणून तुमच्या मुलीचंही झालं असं समजा म्हणण्यासारखा आहे. तैवानच्या नावाचा घोळ याच झोन ६ मधला, चीन संघटनेत आल्यावर ती टीम "चायनीज तैपेई" झाली, त्यामुळे जुन्या यादीत एक नाव आणि नव्या यादीत दुसरं, नवीन माणसाला वाटतं दोन वेगळ्या टीम आहेत. चीनच्या तेव्हाच्या सर्वोच्च नेत्याला स्वतःला ब्रिजचं वेड होतं, त्याचा तिकडे या खेळाला किती फायदा झाला ते बीजिंग, शांघाय आणि वुहान (२०१९) ही तीन यजमान शहरांची नावं शेजारी ठेवली की कळतं. आपल्याकडे कुठल्या पंतप्रधानाने मेंढीकोटाच्या पुढे काही खेळल्याचं ऐकिवात नाही.

यजमानपद म्हणजे नेमकं काय करावं लागतं, हे थोडं सांगायला हवं कारण "पत्ते खेळायला काय लागतं, चार खुर्च्या आणि एक टेबल" असं म्हणणारे नातेवाईक सगळ्यांकडे असतात. चेन्नईचाच आकार घ्या. ओपन, महिला आणि सीनियर अशा तीन स्पर्धा, प्रत्येकीत २२ टीम, म्हणजे एका वेळी ३३ मॅच आणि प्रत्येक मॅचची दोन टेबलं, दोन वेगळ्या खोल्यांत. साखळीत प्रत्येक टीमच्या २१ मॅच, एकेक १६ डावांची. सगळीकडे तेच पत्ते वाटलेले असावे लागतात, त्याशिवाय तुलना होणार कशी, त्यामुळे मॅचला एकच सेट धरला तरी एका फेरीला ५२८ बोर्ड (वाटलेले पत्ते ठेवायच्या पेट्या) मशीनवर लावून तयार पाहिजेत, आणि दिवसाला तीन फेऱ्या. वर प्रत्येक टेबलावर पडदा, म्हणजे पार्टनरचं तोंड दिसू नये म्हणून मधे लावलेली फळी. हा पडदा पहिल्यांदा आला १९७५ ला, तोही बर्म्युडातच, पंचविसाव्या वर्षानिमित्त स्पर्धा परत तिथे नेली होती तेव्हा. वरून तोंड झाकलं तर इटलीच्या एका जोडीवर टेबलाखालून पायाने खुणा केल्याचा आरोप आला, मग टेबलाखालीही आडोसा घालावा लागला. यजमानाच्या सुताराचं काम दर स्कँडलगणिक वाढत गेलंय ते असं.

खर्च निघतो कसा? याला एक उत्तर हम्मामेतला, १९९७ मध्ये सापडलं. मुख्य स्पर्धेत बाहेर पडलेल्या टीम आणि बाहेरून फी भरून येणारे कोणीही, कुठल्याही देशाचे मिळून टीम करून खेळू शकतील अशी ट्रान्सनॅशनल स्पर्धा दुसऱ्या आठवड्यात जोडून दिली. म्हणजे हरलेले लोक सामान बांधून निघून जायचे ते थांबायला लागले, हॉटेलच्या खोल्या भरलेल्या राहिल्या, आणि समुद्रकिनारा असलेल्या गावांचं पारडं जड झालं. यजमान निवडताना विमानतळ किती जवळ आणि बायकोला किंवा नवऱ्याला दिवसभर करायला काय आहे, हे प्रश्न आता उगीच विचारले जात नाहीत.

आणि मग २००१. ही स्पर्धा बालीला ठरलेली होती. ऑक्टोबरात सुरू व्हायची, ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कवर हल्ला झाला, आणि सुरक्षेच्या कारणावरून जेमतेम महिनाभर आधी सगळं उचलून पॅरिसला नेलं. संघटनेच्या बाजूने बघितलं तर अडचण समजते, अमेरिकेच्या दोन टीम, बरोबर आणखी काही, या आल्याच नसत्या तर स्पर्धेला जागतिक कोण म्हणणार, विमा कोण देणार. आणि झालंही असं की पॅरिसला जिंकली अमेरिकेचीच एक टीम, नॉर्वेला हरवून. पुढच्याच वर्षी, १२ ऑक्टोबर २००२ ला बालीत कुटामध्ये बॉम्बस्फोट झाले, २०२ माणसं गेली, आणि त्यावर बोट ठेवून "बघा, निर्णय बरोबर होता" असं म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. हल्ला झाला होता न्यूयॉर्कमध्ये आणि स्पर्धा काढली इंडोनेशियातून. एक वर्षानंतरच्या घटनेने एक वर्ष आधीचा निर्णय बरोबर ठरत नाही, ब्रिज खेळणाऱ्याला तरी हे कळायला हवं, फिनेस (पत्ता कोणाकडे आहे याच्या अंदाजावर खेळलेली चाल) लागली म्हणून खेळ बरोबर होता असं आपण क्लबमध्ये पार्टनरला म्हणू देतो का? इंडोनेशियाला ती स्पर्धा मिळाली शेवटी २०१३ ला, बारा वर्षांनी, बालीतच, इटली जिंकली. मधल्या काळात तिथल्या लोकांनी हात झटकले नाहीत हे मानलं पाहिजे. २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये ब्रिज पहिल्यांदा आलं ते यजमान इंडोनेशिया होता म्हणूनच, आणि त्यात पुरुषांच्या जोडीचं गोल्ड आपल्याला मिळालं हा त्यांच्या चिकाटीवर आपण खाल्लेला लाडू.

चेन्नईकडे परत. २६ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर २०१५, आपल्या झोनचा पहिला नंबर, आणि आला तोही नेमका कधी तर ब्रिजच्या इतिहासातल्या सगळ्यात वाईट महिन्यात. ऑगस्टअखेरीला व्हिडिओ बघून बघून लोकांनी शोधून काढलं की जगातल्या काही टॉपच्या जोड्या बोर्ड कसा ठेवायचा, पत्ता उभा ठेवायचा की आडवा, असल्या खुणा करतात. आठवड्यागणिक नवीन नाव. इस्रायल, जर्मनी आणि मोनॅको या टीमनी स्वतःहून माघार घेतली, पोलंडच्या एका जोडीला ऐनवेळी खेळू दिलं नाही. विचार करा, यजमानांनी दोन वर्षं तयारी करायची, आणि स्पर्धा तोंडावर असताना कोण येणार, कोण नाही याची यादीच रोज बदलतेय, त्यात भारताचा व्हिसा म्हणजे काही कोपऱ्यावरून दूध आणणं नाही. तरी स्पर्धा झाली, वेळेवर झाली, आणि एक जोडी गमावलेला पोलंडच स्वीडनला हरवून जिंकला. पण जगाच्या आठवणीत २०१५ म्हणजे चीटिंगचं वर्ष. चेन्नई कुठल्यातरी तिसऱ्या ओळीत.

कपांच्या नावांत मात्र यजमान गावं टिकून राहतात. बर्म्युडा तर आहेच, महिलांचा कप व्हेनिसच्या नावाने कारण पहिला १९७४ ला तिथे झाला, आणि मिक्स्ड टीमच्या कपाला नाव आहे वुहान, २०१९ च्या यजमान शहराचं. सप्टेंबर २०१९ मध्ये वुहान म्हणजे कोण, हे ब्रिजवाल्यांना सांगावं लागत होतं. चार महिन्यांनी कोणालाच सांगावं लागलं नाही.

कोविडमुळे २०२१ ची स्पर्धा मार्च-एप्रिल २०२२ ला इटलीत साल्सोमाज्जोरेला झाली. तेव्हा रशिया युक्रेनमुळे बाहेर, आणि त्याआधी २०२१ च्या युरोपच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेत २०१५ च्या प्रकरणातला एक खेळाडू इटलीच्या टीममध्ये परत आलेला, तर समोरच्या टीमनी इटलीविरुद्ध मॅच खेळायलाच नकार दिला, एकामागून एक वॉकओव्हर.  साल्सोमाज्जोरेला स्वित्झर्लंड जिंकलं. २०२३ ला मराकेश, स्पर्धा २ सप्टेंबरला संपली आणि ८ सप्टेंबरला तिथे भूकंप झाला, सहा दिवसांचं अंतर. २०२५ ला डेन्मार्कमध्ये हर्निंग.

म्हणजे आफ्रिकेचे आता दोन झाले, हम्मामेत आणि मराकेश. कॅरिबियनचा एक, ऑस्ट्रेलियाकडचा एक, आपला एक. झोन ६ वुहान धरून सात, आणि युरोपचे मोजायला बसायचं तर चहा सांगून बसावं लागेल.