दिवे लागतात, पण सेल्फ फिरत नाही

गाडीच्या बॅटरीचे टर्मिनल घासून लख्ख केले, कनेक्टरांवर स्प्रे मारला, सगळं परत जोडून चावी फिरवली, आणि इंजिन ढिम्म. डॅशबोर्डवरचे दिवे मात्र झगझगीत. 'दिवे लागताहेत म्हणजे बॅटरी आणि जोडण्या ठीक, सेल्फच गेला' असं लगेच म्हटलं जातं. नवा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून देणारी स्टार्टर मोटर, विकत घेण्याआधी जरा थांबावं.

हॅलोजन हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब साडेचार-पाच अँपिअर करंट घेतो. लहान पेट्रोल कारचा सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो. अमेरिकन इंजिनिअर चार्ल्स केटरिंगने बनवलेला इलेक्ट्रिक सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला, त्यामागचा विचारच हा होता: मोटर काही सेकंदच चालणार, तर ती लहान ठेवायची आणि तेवढ्यापुरता प्रचंड करंट द्यायचा.

आता बॅटरीचा पोल आणि त्यावर आवळलेला वायरीचा क्लॅम्प यांच्यात ०.०५ ओहम रोध आहे असं धरा. ओहमच्या नियमाप्रमाणे, करंट गुणिले रोध इतके व्होल्ट त्या सांध्यातच खर्ची पडतात. दोन हेडलाइटसाठी हा तोटा जेमतेम अर्धा व्होल्ट, तो नजरेलाही येत नाही. सेल्फने १५० अँपिअर मागितले तर साडेसात व्होल्ट तिथेच जाणार. बारातून उरलेल्या साडेचारात इंजिन कसलं फिरतंय!

मग घासल्यावर रोध वाढतो कसा? धातूचे दोन पृष्ठभाग घट्ट बसलेले दिसले तरी ते मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकतात आणि करंट तेवढ्याच ठिकाणांतून जातो. दाब कमी झाला की ही ठिकाणंही कमी होतात. बॅटरीचा पोल शिशाचा, म्हणजे मऊ. जाड पॉलिशपेपरने जोर काढला की तो बारीक होतो, आणि बोल्ट शेवटपर्यंत आवळूनही क्लॅम्प सैलच राहतो. हाताने पिळून क्लॅम्प जरासा जरी फिरला, तरी बिघाड तिथेच आहे असं खुशाल समजावं.

चावी फिरवल्यावर कान द्यावा. जलद 'टकटकटक' आलं, तर सोलेनॉइड (सेल्फला मुख्य करंट जोडून देणारा विद्युतचुंबकी स्विच) ओढला जातोय, पण मुख्य करंट सुरू होताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज सावरतं आणि तो पुन्हा ओढला जातो. कमजोर बॅटरी किंवा खराब सांधा, दोन्हींची ही खूण. एकच जड 'टक्' आलं तर जाड वायरी, त्यांचे सांधे किंवा खुद्द मोटर पाहावी. काहीच आवाज नसेल तर जाड वायरींपेक्षा बारीक वायरींकडे वळावं: फ्यूज, रिले, क्लच स्विच, ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा न्यूट्रल स्विच, काही गाड्यांत इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा). सफाईत हात लागून सोलेनॉइडची बारीक वायर निसटलेली असते, किंवा कनेक्टर बसवताना आतली पिन मागे सरकलेली असते. बाहेरून लॉक लागलेलं दिसतं, आत पिन टेकतच नाही.

मल्टिमीटर असेल तर नुसती बॅटरी मोजून भागत नाही. करंट वाहत नसताना खराब सांधाही निर्दोष दिसतो, मीटर १२.६ दाखवून मोकळा होतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला; मीटरचं एक टोक शिशाच्या पोलवर, दुसरं त्याच पोलच्या क्लॅम्पवर धरावं आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगावी. अर्धा व्होल्ट दिसला तरी सांधा वाईट. चांगल्यावर आकडा शून्याच्या जवळपास राहतो. मीटर नसेल तर दोन-तीनदा सेल्फ मारून क्लॅम्पला बोट लावा, जपून. खराब सांधा तापतो.

अर्थिंग मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, त्यामुळे बॉडीशी त्याची जोडणी जाड अर्थ-पट्टीनेच होते. ती सैल राहिली तर करंट दुसरी वाट शोधतो. जुन्या गाड्यांत तो ॲक्सिलरेटरच्या तारेतून जातो आणि ती तार तापते. म्हणून निगेटिव्ह क्लॅम्पपासून इंजिन ब्लॉकपर्यंतही वरच्यासारखंच मोजावं.

धक्का मारून गाडी चालू झालीच, तर सैल क्लॅम्प तसाच ठेवून निघू नये. चालत्या इंजिनात बॅटरी सुटली तर अल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचं) व्होल्टेज एकदम उसळतं आणि महागडा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, जळू शकतो.